लॉजला यायचे बंद झालेले मेंबर परत कसे आणायचे? (फ्रीमेसनरी, मुंबई)

बोरीबंदर

मंडळी, विषय जरा आडवळणाचा आहे पण इथे मंडळं, वाचनालयं, सोसायट्या चालवून हात पोळलेले बरेच जण आहेत म्हणून टाकतोय. मी फ्रीमेसन आहे, म्हणजे बंधुभाव आणि धर्मादाय मानणाऱ्या एका जुन्या संघटनेचा मेंबर; तिच्या शाखेला लॉज म्हणतात. फोर्टात स्टर्लिंग सिनेमाच्या मागे डी. सुखडवाला मार्गावर जो फ्रीमेसन्स हॉल आहे तिथे आमची लॉज भरते. यंदा माझ्याकडे आल्मनरचं काम आलंय, म्हणजे कोण आजारी आहे, गेलेल्या मेंबरच्या घरी काय परिस्थिती आहे, कोणाला काही अडचण आहे का, हे सगळं बघायचं.

चार्ज घेताना मेंबरांची यादी हातात आली आणि बघतो तर निम्म्याहून जास्त नावं अशी की त्या माणसांना मी कधी पाहिलेलंच नाही. मीटिंगला येणारे तेच ते. वॉर्डन, डीकन, टायलर (दाराबाहेरचा पहारेकरी) अशा विधीतल्या जागा भरता भरता सेक्रेटरीच्या नाकी नऊ येतात, मग दुसऱ्या लॉजमधून पाहुणे बोलवून वेळ मारून न्यायची. परंपरा सांगते की सात जण जमले की लॉज पूर्ण, आणि आमचे कधीकधी सात मोजताना बाहेरच्या टायलरलाही धरावं लागतं :)

माझा अंदाज असा की माणसं विधींना कंटाळून जात नाहीत. एक मीटिंग चुकते, मग दुसरी, मग फी थकते, मग जायची लाज वाटते आणि इकडून फोन येतो तो फक्त फीसाठी. तर अशा लोकांना परत बोलवायला मी एक पत्र लिहिलंय, ते खाली देतो. न लाजता चिरफाड करा.

"माननीय बंधू, आपण गेल्या बऱ्याच कालावधीपासून लॉजच्या बैठकांस अनुपस्थित असल्याचे निदर्शनास आले आहे. तरी आपण आगामी बैठकीस उपस्थित राहून लॉजच्या कार्यास हातभार लावावा ही नम्र विनंती. तसेच आपली थकीत वर्गणी सत्वर भरून सहकार्य करावे."

आंबोळी

हे पत्र आहे की वीज तोडायची नोटीस?

खिडकीची_जागा

+१ आंबोळी. "निदर्शनास आले आहे" वाचून मी माझंच वीजबिल शोधायला लागलो.

सातवा_मजला

फ्रीमेसन म्हणजे ते गुप्त संघटनावाले ना, जगावर राज्य करणारे? जगावर राज्य करता आणि तुम्हाला सात माणसं जमत नाहीत? :D

बोरीबंदर

@सातवा_मजला, हॉलचा पत्ता गुगल मॅपवर आहे, मेंबरशिप लपवायची सक्ती नाही, गुप्त आहेत ते ओळखीचे प्रकार आणि विधीचे काही भाग. थोडक्यात सांगायचं तर लंडनला 1717 मध्ये पहिली ग्रँड लॉज (लॉजांची वरची संस्था) झाली, मुंबईत 1758 मध्ये लॉज आली आणि आपली ग्रँड लॉज ऑफ इंडिया 24 नोव्हेंबर 1961 ला दिल्लीत स्थापन झाली. तिचे चार विभाग आहेत, आपण पश्चिम विभागात. मुंबईत इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या ग्रँड लॉजखाली चालणाऱ्या जुन्या लॉजही अजून आहेत. आत धर्म आणि राजकारणावर चर्चेला बंदी आहे, त्यामुळे व्हॉट्सअॅपच्या बाहेर मुंबईत एवढी शांतता मिळणारी जागा दुसरी नाही. राज्याचं म्हणाल तर आमच्याकडून जेवणाचा मेन्यू ठरत नाही वेळेवर.

शेवग्याची_शेंग

मी मेसन नाही (बायकांना घेतच नाहीत तुम्ही, त्यावर वेगळा धागा काढेन) पण मिस्टर होते मेंबर, म्हणजे आहेत. तुमचा अंदाज बरोबर आहे म्हणून लिहितेय.

आम्ही तेव्हा दादरला होतो, आता मुलाजवळ ठाण्याला. हे अगदी नियमाने जायचे, काळा सूट, पांढरे हातमोजे, ती छोटी बॅग, त्यात विधीत घालायचा अॅप्रन. ते सगळं इंग्लिशमधलं पाठ करायचे बाथरूममध्ये मोठ्याने. मग बायपास झाली आणि जाणं थांबलं. त्या सगळ्या काळात दर महिन्याला मीटिंगची नोटीस ईमेलवर यायची न चुकता, आणि वर्षाच्या शेवटी फीची आठवण. बास. एक माणूस आला नाही. हे काही बोलले नाहीत पण ती बॅग कपाटाच्या वरच्या फळीवर गेली, आणि मी समजले.

नंतर त्यांच्याबरोबरच मेंबर झालेले एक जण, त्यांनाही कोणीतरी उशिराच सांगितलं असेल, ते बायकोला घेऊन घरी आले. पोहे खाल्ले, गप्पा मारल्या, गुडघ्यांची तुलना झाली. लॉज या विषयावर एक अक्षर काढलं नाही. मला वाटलं आता निघताना म्हणतील "या एकदा". नाही म्हणाले. पुढच्या महिन्यात परत आले आणि मग ह्यांनीच विचारलं की हल्ली सेक्रेटरी कोण आहे. आता हे जातात, दर वेळी नाही, आणि फार वेळ उभं राहायचं काम घेत नाहीत. पण जातात. मुलगा गाडीने सोडतो.

म्हणून सांगते, पत्र बित्र नंतर. आधी घरी जा.

बोरीबंदर

ताई, हे प्रिंट काढून आमच्या सगळ्या ऑफिसरांना देणार आहे. आजारी मेंबरकडे जाणं हे तर आल्मनरचं पहिलं काम, ते झालं नाही म्हणजे त्या लॉजचं चुकलंच, त्यात दुसरी बाजू नाही.

हिशोब_पक्का

सगळं भावनिक चाललंय तर थोडं थंड पाणी ओततो. मी एका लॉजचा ट्रेझरर होतो. प्रत्येक मेंबरमागे आपल्याला विभागाला आणि ग्रँड लॉजला पैसे भरावे लागतात, तो माणूस येवो न येवो, फी देवो न देवो. म्हणजे जो येत नाही आणि भरतही नाही त्याचे पैसे जे येतात ते भरतात. वर हॉलचं भाडं, जेवण, धर्मादाय. यादी फुगवून ठेवायची हौस महागात पडते. माझं मत, नोटीस द्या, ठराविक मुदत द्या, नाही भरलं तर नियमाप्रमाणे नाव कमी करा. ज्याला यायचंय तो येतो.

बोरीबंदर

हिशोब मान्य. पण नाव कमी करायच्या आधी कोणी त्याला फोन केला होता का, एवढाच माझा प्रश्न आहे. फी थकल्यामुळे ज्याचं नाव कमी होतं त्याला पुढे दुसरीकडे जायचं तरी आधी थकबाकी भरावी लागते, आणि जो रीतसर राजीनामा देतो त्याला क्लिअरन्स सर्टिफिकेट मिळतं, म्हणजे उद्या बदलीच्या गावी, मुलाकडे पुण्या-नाशकाला, कुठेही त्याला दार उघडं राहतं. हा फरक निम्म्या मेंबरांना माहीतच नसतो. एका फोनवर हे सांगून टाकलं तर निदान जाणारा माणूस नीट जाईल.

खिडकीची_जागा

मीही ब्रदर आहे, दुसऱ्या लॉजचा. मागे आम्ही असा फोन करायचा घाट घातला होता तेव्हाचं सांगतो. यादीतल्या एका नंबरवर मुलीने उचलला. म्हणाली बाबा गेले, दोन पावसाळे झाले. आम्ही त्यांना दर महिन्याला मीटिंगचं बोलावणं पाठवत होतो आणि आमच्या कागदांवर त्यांच्या नावापुढे थकबाकी वाढत होती. काय बोलावं सुचेना. ती बिचारी उलट आम्हालाच म्हणाली की बाबांचा अॅप्रन आहे, तो कुठे द्यायचा असतो का.

त्या दिवसापासून मी म्हणतो, मेंबर परत येवो न येवो, वर्षातून एकदा प्रत्येक नंबरवर माणसाने माणसाला फोन केलाच पाहिजे. ऑटोमॅटिक ईमेलला वाटतं सगळे जिवंत आहेत.

हिशोब_पक्का

हे वाचून गप्प बसलो. फोन आधी, नोटीस नंतर, ठीक आहे.

मुगभाटातला

मी मेसन वगैरे नाही, गिरगावच्या एका चाळीच्या गणपती मंडळात आहे. सार्वजनिक गणपती 1893 पासून गिरगावात, केशवजी नाईक चाळीपासून, सांगायचं कारण असं की माणसं निघून जाणं हा आमचा जुना आजार आहे. चाळी रिकाम्या झाल्या, पोरं डोंबिवली, विरार, पनवेलला गेली. आम्हीपण आधी "उपस्थित राहून शोभा वाढवावी" छापायचो. कोण येतोय शोभा वाढवायला विरारवरून!

मग एकाने शक्कल लढवली. यायला सांगायचंच नाही, काम सांगायचं. म्हणजे, "अरे तू त्या वर्षी लायटिंग केलं होतंस, या पोरांना वायरिंग कळत नाही, शनिवारी दोन तास येतोस का?" येतो की नाही बघा. कारण त्याला कळतं की आपण केलेलं कोणाच्यातरी लक्षात आहे. तुमच्या त्या न येणाऱ्या लोकांना काय येतं ते यादीत लिहिलंय का? कोण पेटी वाजवतो, कोण वकील, कोणाची खाडिलकर रोडला छपाई होती, असं? नसेल तर आधी ते शोधा.

आंबोळी

मुगभाटातला यांना दंडवत. प्रतिसादाची वाचनखूण साठवली.

बोरीबंदर

हे जबरी आहे. आमच्याकडे ऑर्गन वाजवणारे एक होते, ते यायचे थांबल्यापासून मोबाइलवर गाणी लावतो आम्ही. आणि ज्यांना जुने विधी तोंडपाठ आहेत अशी माणसं घरी बसलीयत, आणि नवीन पोरं पुस्तक धरून अडखळतायत.

पन्नाशीचा_पोरगा

बरं आता न येणाऱ्यांपैकी एक जण बोलतो. हो, मी तो. नाव यादीत, फी भरलेली (हिशोबसाहेब शांत व्हा), पाय नाही ठेवला बरीच वर्षं.

माझं शिक्षण मराठी माध्यमात. तिसरी डिग्री (म्हणजे मेंबर होण्याच्या विधींची शेवटची पायरी) झाली, ज्युनियर डीकनची जागा मिळाली, आनंद झाला. ते इंग्लिश जुनं, लांबलचक वाक्यं, रोज ट्रेनमध्ये पाठ करायचो, कुर्ला ते सीएसएमटी. मीटिंगमध्ये उभा राहिलो की एका ठिकाणी अडायचो, माणसाला दोन सेकंद द्या ना, आठवतं. पण बाजूच्या बाकांवरून चार पास्ट मास्टर (लॉजचे माजी प्रमुख) एकदम चार वेगवेगळे शब्द ओरडायचे. मग जेवताना परत माझे उच्चार. मस्करीतच, वाईट कोणी नव्हतं. पण मी चाळीस माणसांची टीम सांभाळणारा माणूस, मला तिथे जाऊन पुन्हा पाचवीच्या वर्गात उभं राहायचं नव्हतं. एक दिवस मध्येच उतरलो आणि घरी गेलो.

मला पत्र पाठवलंत तर मी येणार नाही. मला कोणी म्हणालं की आता प्रॉम्प्ट फक्त एकच जण करतो, बाकीचे तोंड बंद ठेवतात, तर विचार करेन.

खिडकीची_जागा

पन्नाशीचा_पोरगा, तुमचं शंभर टक्के बरोबर. रीत पण तीच आहे, प्रॉम्प्ट करायचं ते लगेच आधीच्या मास्टरने, नाहीतर ज्याला नेमलंय त्याने, बाकीच्यांनी नाही. आमच्या एका मास्टरनी वर्षाच्या सुरुवातीलाच उभं राहून हे सांगितलं आणि दुसऱ्यांदा कोणी ओरडलं तेव्हा हातोडी आपटली. त्यानंतर कोणी बोललं नाही. पास्ट मास्टर लोकांना काम द्या, एकेका नवीन मुलाला घरी बसवून शिकवा म्हणावं. खुर्चीवरून उतरल्यावर बऱ्याच जणांचं काय करायचं हेच ठरलेलं नसतं, मग एकतर गायब होतात नाहीतर बाकावर बसून ओरडतात.

सातवा_मजला

मस्करी करायला आलो होतो, वाचतच बसलो राव. एक शंका. ट्रेनचं काय करता? म्हणजे माझ्यासारखा बदलापूरवाला साडेसहाला फोर्टात पोचून रात्री किती वाजता सुटतो?

बोरीबंदर

दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंत. साडेसहाची मीटिंग पावणेसातला, मागच्या मीटिंगची मिनिट्स, पत्रव्यवहार, मग विधी, नऊला जेवण. जेवताना टोस्ट, म्हणजे अमुकच्या नावाने ग्लास उंचवायचे आणि प्रत्येक टोस्टला एक भाषण आणि त्याला उत्तराचं भाषण. कर्जत-कसारावाला माणूस तिसऱ्या टोस्टला घड्याळ बघायला लागतो, पाचव्याला गुपचूप निघतो आणि पुढच्या महिन्यात येत नाही. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये मीटिंगा बंद पडल्या, विधी काही झूमवर करता येत नाहीत, आणि त्या काळात लोकांना कळलं की त्या संध्याकाळी घरी साडेनऊला पाठ टेकता येते. ती सवय मोडणं सगळ्यात कठीण.

आता भुयारी मेट्रो हुतात्मा चौक, सीएसएमटीपर्यंत आल्यामुळे अंधेरी-सीप्झकडच्यांना जरा बरं झालंय. मध्य आणि हार्बरवाल्यांचं दुखणं तसंच. मी मास्टरांना सुचवलंय की मिनिट्स आधीच ईमेलवर द्या, आत फक्त मंजुरी घ्या, टोस्ट तीनच्या वर नको आणि नऊ चाळीसला सगळं आटपा, मग बसायचं त्यांनी बसा.

शेवग्याची_शेंग

आणि तारखा! ह्यांची लॉज गुरुवारची होती. मार्गशीर्षातले गुरुवार, घरी सवाष्ण जेवायला आणि हे मटण खाऊन रात्री अकराला. सप्टेंबरची मीटिंग गणपतीत. एकदा चक्क गौरी जेवणाच्या दिवशी. वर्षाच्या तारखा ठरवताना कालनिर्णय उघडून बसत नाही का कोणी?

हिशोब_पक्का

ताई, ठराविक वार ठराविक आठवडा असं लॉजच्या उपनियमांत असतं, बदलायला ठराव आणि वरून मंजुरी लागते. पण अडचणीच्या महिन्यात परवानगी काढून मीटिंग पुढेमागे करता येते, सेक्रेटरीने वेळेत अर्ज केला तर. बहुतेक सेक्रेटरी गणपती अंगावर आल्यावर जागे होतात.

थकबाकीचं पण सांगतो, मघाशी कडक बोललो म्हणून. आमच्याकडे दोन ब्रदर असे होते की नोकरी गेली म्हणून फी थकली आणि लाजेने येणं थांबलं. एकाला हप्ते करून दिले, दुसऱ्याचं लॉजमध्ये मांडून सोडवलं. हे सगळं ट्रेझरर आणि त्या माणसात, चारचौघांत नाव नाही. आपापल्या लॉजचे उपनियम बघून करा. मात्र आमंत्रण आणि थकबाकी एकाच कागदावर कधीही लिहू नका. मी केलेल्या वसुलीच्या अनुभवावरून सांगतो, आकडा दिसला की माणूस वरचं काही वाचत नाही.

दुपारचा_चहा

एक शंका, बाकी चर्चा छान चाललीय. तुमच्याकडे म्हणे कोणाला मेंबर व्हायला आग्रह करत नाहीत, माणसाने स्वतः विचारायला हवं. मग हा परत या, परत या, असा फोन करणं नियमात बसतं का?

बोरीबंदर

चांगला प्रश्न, आमचे काही ज्येष्ठ हेच कारण सांगून फोन करायचं टाळतात. ती रीत बाहेरच्यांसाठी आहे. जो एकदा आत आला त्याची विचारपूस करणं हे तर कर्तव्य म्हणून शपथेत घेतलेलं आहे. आग्रह नको, विचारपूस करा.

यावरून एक आठवलं म्हणून सांगतो, अवांतर आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या लॉजमध्ये हिंदी (म्हणजे भारतीय) माणसाला सहजासहजी घेत नसत. माणेकजी कर्सेटजी या पारशी गृहस्थांना इथे आणि इंग्लंडमध्येही प्रवेश मिळाला नाही, शेवटी ते पॅरिसला जाऊन मेसन झाले. परत आल्यावर जेम्स बर्न्स यांच्या पुढाकाराने 1843 मध्ये रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया ही लॉज निघाली, हिंदी लोकांना दार उघडावं म्हणून. पुढे खरशेदजी कामा, फिरोजशहा मेहता यांच्यासारखी माणसं मेसन झाली. ज्या शहरात माणसं आत यायला पॅरिसपर्यंत गेली तिथे आत आलेली माणसं आम्ही एका फोनच्या आळसापायी घालवतोय, याचा राग येतो मला.

आंबोळी

आता ते पत्र नवीन लिहा बघू. गृहपाठ.

बोरीबंदर

हा घ्या. प्रत्येकाला वेगळा, हाताने टाइप करून, आणि ज्याने त्याला लॉजमध्ये आणलं किंवा जो त्याच्याबरोबर मेंबर झाला त्याच्याच मोबाइलवरून जाणार, माझ्या नाही. नमुना:

"नमस्कार काका, मी अमुक, आपण दोघं एकाच संध्याकाळी आत आलो होतो, आठवतंय ना? तब्येत कशी आहे? बरेच दिवस बोलणं नाही म्हणून मेसेज केला. या आठवड्यात कधीतरी फोन करू का, कोणती वेळ बरी पडेल? एक काम पण आहे, नवीन दोन मुलांना सेकंड डिग्रीचं शिकवायला कोणी नाहीये, तुम्हाला ते तोंडपाठ होतं. ते फोनवर बोलू."

मुगभाटातला

हां, आता बोललात. फक्त काम पहिल्याच मेसेजमध्ये नको, दुसऱ्या फोनला. नाहीतर वाटेल कामापुरती आठवण आली. आमच्यात पहिल्या वेळी फक्त चौकशी.

पन्नाशीचा_पोरगा

सहमत. आणि "आठवतंय ना" नंतर माणूस खरंच काहीतरी आठवेल असं लिहा. कोणाच्या घरी उशीर झाला म्हणून मुक्काम केला होता, कोणाची बॅग टॅक्सीत राहिली होती, असलं.

बोरीबंदर

दोन्ही केलं. काम काढलं, आठवण घातली. या आठवड्यात पहिले फोन. ज्यांना यायचंच नाहीये त्यांना राजीनाम्याची आणि क्लिअरन्सची पद्धत मी स्वतः समजावणार आहे. जे नुसतं जेवायला येतो म्हणतील त्यांना जेवायलाच बोलावणार, आत बसा म्हणून मागे लागणार नाही. प्रॉम्प्टिंगचं मास्टरांच्या कानावर घातलंय, ते म्हणाले हातोडी तयार आहे.

पन्नाशीचा_पोरगा

लॉज कोणती ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. पाहुणा म्हणून येऊन एकदा मागच्या बाकावर बसतो, बघतो खरंच गप्प बसतात का.

बोरीबंदर

व्यनि केलाय. आधी तुमच्या सेक्रेटरीकडून या वर्षीची फी भरल्याची पावती घेऊन ठेवा, टायलर ओळखत नसेल तर विचारतील.

शेवग्याची_शेंग

फोन रविवारी सकाळी करू नका हो. अकरापर्यंत सगळे बाजारात असतात, मासळीवाली थांबत नाही.